दहा किलोमीटरची शर्यत आणि घड्याळातले जादा अंतर

ए-३०२
सर्वांना नमस्कार. रविवारच्या दहा किलोमीटर शर्यतीबद्दल अनेकांनी आपुलकीने विचारले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. मी ५९ मिनिटे ४० सेकंदांत शर्यत पूर्ण केली. तासाच्या आत पोहोचायचे, म्हणजे दर किलोमीटरला सहा मिनिटांहून किंचित कमी वेळ लागला पाहिजे, एवढे एकच उद्दिष्ट मनाशी धरून मी उतरले होते, आणि ते साधल्याचा मला मनापासून आनंद आहे.

हौशी धावणाऱ्याची शर्यत बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्याच किलोमीटरमध्ये, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीची खूण होताच आजूबाजूचे सगळे सुसाट सुटतात, आणि आपणही त्या लोंढ्याबरोबर ओढले जातो. गंमत अशी की त्या वेळी काहीच त्रास जाणवत नाही, कारण वेग वाढल्यानंतर शरीराचा ऑक्सिजनचा वापर त्या वेगाला साजेसा होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात, आणि तोवर स्नायू हाताशी असलेल्या साठ्यावर काम भागवतात. त्या उधारीची वसुली पुढे होते. म्हणून मी पहिला किलोमीटर ६ मिनिटे ८ सेकंदांत, म्हणजे मुद्दाम सावकाश घेतला. शेकडो जण पुढे निघून जात असताना स्वतःला आवरणे हे पुढच्या कोणत्याही चढापेक्षा कठीण होते.

खरी शर्यत सहाव्या ते आठव्या किलोमीटरमध्ये झाली. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला, शेवट अजून दृष्टीच्या टप्प्यात नाही, आणि प्रेक्षकही विरळ झालेले. तेथे माझे खांदे नकळत कानांकडे चढले होते आणि मुठी घट्ट आवळल्या गेल्या होत्या. मी हात क्षणभर खाली सोडले, अंगठा तर्जनीवर अलगद टेकवला आणि तीन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर, असा ठेका धरला. माझ्या पुढे एक वयस्क गृहस्थ धावत होते. त्यांच्या बुटांचा आवाज इतका एकसारखा होता की जवळपास दोन किलोमीटर मी घड्याळाकडे न पाहता त्या आवाजावरच धावले. शेवटचे दोन किलोमीटर सर्वांत वेगाने झाले.

बी-१०४
मनःपूर्वक अभिनंदन. आमचे चिरंजीवही या शर्यतीत होते. त्यांच्या मनगटावरील घड्याळात अंतर १०.१६ किलोमीटर भरले. त्यांचे म्हणणे असे की मार्ग चुकीचा मोजला गेला आणि त्यामुळे त्यांची वेळ वाया गेली. आयोजकांकडे रीतसर तक्रार करावी, असे मला वाटते. आपले मत काय?

ए-३०२
काका, माझ्याही घड्याळात १०.११ आले होते, तरीही केवळ त्या आकड्यावरून मार्ग चुकला असे म्हणता येणार नाही. प्रमाणित मार्ग उपग्रहाच्या साहाय्याने मोजत नाहीत, सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा गणक बसवतात आणि पोलादी फितीने मोजलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून, एका किलोमीटरला गणकाचे किती अंक पडतात ते ठरवतात. तापमान बदलले की टायरमधील हवेचा दाब बदलतो आणि चाकाचा घेर किंचित कमी-जास्त होतो, म्हणून हीच पडताळणी मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करतात. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. त्यामुळे दहा किलोमीटरचा प्रमाणित मार्ग आखतानाच १०,०१० मीटरचा असतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही मोजणी शक्य तितक्या जवळच्या वाटेने होते. वळणावर कडेच्या दगडापासून अवघ्या ३० सेंटिमीटर अंतरावरून सायकल जाते. आपण मात्र गर्दीत बाहेरच्या बाजूने वळतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, कोणाला ओलांडताना बाजूला होतो. संपूर्ण मागे फिरणारे एक वळण मोजलेल्या वाटेपेक्षा एक मीटर बाहेरून घेतले, तर तेवढ्यानेच तीन मीटरहून अधिक अंतर वाढते. त्यात उंच इमारतींजवळ घड्याळाला मिळणारे उपग्रहाचे संकेत विचलित होतात आणि सरळ रेषेची नागमोडी होते. हे सगळे जमेस धरले, तर १०.१६ या आकड्यात मला वावगे काही दिसत नाही.

सी-५०१
ताई, फारच छान लिहिले आहे. माझा एक प्रश्न आहे. निकालपत्रात माझ्या नावापुढे दोन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि त्यांत जवळजवळ दोन मिनिटांचा फरक आहे. यांतली माझी खरी वेळ कोणती समजावी?

ए-३०२
वहिनी, आपल्या छातीवरील क्रमांकपत्राच्या मागे एक पातळ चिप असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवरील पट्ट्या तिची नोंद घेतात. शर्यत सुरू झाल्याच्या खुणेपासून मोजलेली वेळ ही एक, आणि आपण स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून मोजलेली चिपची वेळ ही दुसरी. आपण गर्दीत मागे उभ्या असाल, तर रेषेपर्यंत पोहोचण्यात गेलेली दोन मिनिटे पहिल्या वेळेत धरली जातात, दुसरीत नाही. नियमानुसार अधिकृत वेळ खुणेपासूनचीच असते, आणि पहिल्या क्रमांकासाठी तेच योग्य आहे, कारण तेथे जो आधी पोहोचला तोच जिंकला पाहिजे. परंतु आपली प्रगती पाहायची असेल, तर चिपची वेळ निःसंकोच आपली माना. वर मी दिलेली वेळही तीच आहे.

डी-२०३
पाण्याबद्दलही लिहावे. प्रत्येक टेबलावर थांबून पाणी प्यायलेच पाहिजे, असे आम्हाला सांगण्यात आले होते.

ए-३०२
हा सल्ला मला सरसकट पटत नाही. धावताना वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो, म्हणून पाणी हवेच. पण ते तहानेनुसार. बोस्टन मॅरेथॉनच्या २००२ च्या शर्यतीतील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले, आणि शर्यतीदरम्यान वजन वाढणे, म्हणजेच गरजेपेक्षा जास्त पिणे, याच्याशी त्याचा जवळचा संबंध दिसला. दहा किलोमीटरमध्ये हा धोका बराच कमी असतो. मी दोनदा पेला घेतला, तो वरून दाबून त्याची चोच केली आणि चालत चालत दोन-तीन घोट घेऊन पुन्हा धावू लागले. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

बी-१०४
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. तर मग तक्रार करू नये ना?

ए-३०२
तक्रार नको, काका, पण विचारणा अवश्य करावी. मार्ग प्रमाणित आहे का आणि त्याची मोजणी कधी झाली, हे विचारण्याचा प्रत्येक स्पर्धकाला अधिकार आहे. प्रमाणपत्र नसेल, तर आपल्या चिरंजीवांची शंका रास्त ठरू शकेल. पुढच्या वेळी नाव नोंदवण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे, आणि शक्य झाल्यास आदल्या दिवशी मार्गावरील वळणे एकदा पाहून यावीत.