रामटेकच्या यात्रेचा कचरा: ठेकेदाराकडे द्यावा की गावाकडे?

महालकर :
त्रिपुरी पौर्णिमा आटोपली की रामटेकच्या कचऱ्याचे फोटो नागपुरातल्या हरेक ग्रुपवर फिरतात. आठवडाभर हळहळ होते, नगर परिषदेला बोल लावले जातात आणि विषय पुन्हा निघतो तो थेट रामनवमीला. म्हणून एक ठाम मत मांडतो, त्यावर बोला.

गडमंदिर, अंबाळा तलाव आणि खालचा बाजार, इथला कचरा टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराकडे देऊ नये. तो गावातल्याच लोकांनी सांभाळावा: बचत गटाच्या बायका, पायऱ्यांवरचे दुकानदार, घाटावरचे गुरुजी, भंगार वेचणारे. टनामागे पैसे म्हटलं की कचरा जितका जास्त आणि जितका ओला, तितकं बिल मोठं. कचरा मुळातच कमी व्हावा असं अशा ठेकेदाराला कशाला वाटेल? भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डातले ढीग आणि तिथे लागणाऱ्या आगी पाहिलेल्या नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे तीर्थाचा कचरा घरच्या कचऱ्यासारखा नसतो. गडावर झेंडू, शेवंती, नारळाच्या शेंड्या, करवंट्या, चुनऱ्या, उदबत्तीचे पुडे. अंबाळ्यावर दर्भ, पत्रावळी, मडक्यांची खापरं, दिवंगताचे कपडे. बाजारात कार्तिकात शिंगाड्याच्या आणि सीताफळाच्या सालींचा खच. यातलं बरंचसं कुजणारं आहे आणि कुठून काय निघतं हे तिथे बसणाऱ्या माणसाला पाठ असतं. हाराच्या दुकानाशी फुलं वेगळी ठेवली तर ती फुलंच राहतात. एकदा ट्रॉलीत पडून त्यावर चहाचे कप आले की देवालाही वेगळं करता येणार नाही.

खताचं तंत्र अवघड नाही, पण लक्ष मागतं. नुसती फुलं टाकली तर चिखल होतो आणि वास सुटतो, म्हणून एका थराला पालापाचोळ्याचा दुसरा थर हवा. रामटेकच्या आसपास सागाच्या पानांना तोटा नाही. हाराचा दोरा आधी ओढून काढावा लागतो, कारण आजकाल त्यात जर आणि प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. शेंड्या यंत्रात बारीक केल्याशिवाय महिनोन्‌महिने तशाच राहतात. ढीग आतून हात लावू न देण्याइतका तापला तर समजायचं की काम बरोबर चाललं आहे. दीड-दोन महिन्यांत खत. हे सगळं रोज बघणारा माणूस हवा, आणि असा माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर नसतो.

वेंगुर्ल्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १२ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना घरोघरी वर्गीकरण लागलं आणि डम्पिंग ग्राउंड लोकांनी मुद्दाम बघायला जावं असं ठिकाण झालं. रामटेकात का होऊ नये?

गडपायथा :
महालकर भाऊ, वेंगुर्ल्यात कचरा कराचा तो वेंगुर्ल्याचाच माणूस. आमच्याकडे तसं नाई. माझं दुकान गडाच्या पायऱ्यांपाशी हाय. २०११ च्या जनगणनेत रामटेकची वस्ती २२ हजारांच्या घरात, अन् नगर परिषदेची अनुदानं बहुतेक याच डोक्यांवर ठरतात. यात्रेले येणारा माणूस कोण्याच हिशेबात धरत नाई. तो येते, खाते, टाकते अन् जाते. त्याचं ओझं गावानं उचलाचं, अन् तुमी त्याले लोकसहभाग म्हणून राह्यले!

नागपूरची गाडी येते, डिक्कीतून पातेलं निघते, चंदेरी पत्रावळी निघतात, खिंडसी तलावाच्या काठावर पंगत होते अन् सारं तिथंच राहते. ती पत्रावळी एकदा हातानं फाडून पाहा. खालून कागद असते अन् वरून जी चमक दिसते तो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. खड्ड्यात टाकली तर कागद कुजते, पापुद्रा जसाचा तसा निघते. असं चिंध्यावाणी प्लास्टिक निघालेलं खत कोणता शेतकरी नेईल? भाजीचा वास लागलेला तो पापुद्रा वानरं चावून चावून गिळतात, हे मी दुकानातून रोज पाहतो. आधी त्या फुटाण्याच्या पिशव्या होत्या, आता हे.

ही पत्रावळी रामटेकात बनत नाई. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या होलसेलातून येते. मंग झाडू आमच्या हातात काहून? इतवारीत काहून नाई अडवत?

निवृत्त स्वच्छता निरीक्षक :
मी नगर परिषदांमध्ये नोकरी केली आहे, त्या अनुभवावर लिहितो. महालकर यांच्या हेतूबद्दल शंका नाही, मार्ग मात्र मला मान्य नाही.

बचत गटांचे प्रयोग कशाने बंद पडतात ते मी जवळून पाहिलं आहे. उत्साह संपतो म्हणून नाही, बिल अडकतं म्हणून. ठेकेदाराचं बिल तीन महिने थकलं तरी तो बँकेतून उचल घेतो आणि मजुरी वाटतो. गटातली बाई तीन महिने कुठून काढणार? दुसऱ्या महिन्यात ती धान कापायला जाते, आणि त्यात तिची काही चूक नाही.

यात्रेचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. खताचे खड्डे रोजच्या कचऱ्याच्या मापाने बांधलेले असतात. यात्रेच्या दोन-तीन दिवसांत त्याच्या कितीतरी पट माल येऊन पडतो. तो रातोरात उचलायला ट्रॅक्टर, ट्रॉल्या, जेसीबी, ड्रायव्हर लागतात, आणि कोणाला इजा झाली तर विमा लागतो. खड्डे तुंबले की काळं पाणी सुटतं, शेजारचे तक्रार करतात आणि तिसऱ्या तक्रारीनंतर प्रकल्पाला कुलूप लागतं.

टनावर पैसे देणं चूक आहे, हे मात्र मान्य. मग निविदेच्या अटी बदला. वेगळा केलेला कचरा आला तरच पूर्ण दर, मिश्र आला तर कपात. कायद्याने ही जबाबदारी नगर परिषदेची आहे. गावाने ती अंगावर घेतली की परिषदेला आयतंच हात झटकायला मिळतं.

धरमपेठी :
केदारनाथला २०२२ मध्ये पाण्याच्या बाटल्यांवर क्यूआर कोड लावून १० रुपये अनामत घेणं सुरू झालं. रिकामी बाटली परत केली की पैसे परत. गडावर हेच करा. समित्या, गट वगैरे कशाला हवेत?

गडपायथा :
धरमपेठी भाऊ, बाटली तर भंगारवाला आजही उचलते, तिले भाव हाय. पडून राहते ते वेफरचं पाकीट, गुटख्याची पुडी अन् हे पापुद्रे. त्यावर कोणता कोड लावता? अन् यात्रेच्या गर्दीत शिंगाडे विकणारी बाई प्रत्येकाले १० रुपये परत द्यायले सुटे कुठून आणेल?

इंदोरा चौक :
"गावातले लोक", "लोकसहभाग" हे शब्द वाचून मला एकच विचारायचं आहे. निर्माल्यातून दोरा ओढणारे हात कोणाचे असतील? कागदावर बचत गट लिहिलेला असतो, पण कामाच्या दिवशी त्याच वस्तीतल्या त्याच बायका येतात, ज्यांच्या सासवांनी हेच काम केलं. गडावर पूजा करणारे वेगळे आणि खाली कुजकं निवडणारे वेगळे, ही वाटणी लोकसहभागाच्या नावाने पक्की होणार असेल तर त्यापेक्षा यंत्र आणा आणि पगारी ड्रायव्हर नेमा. निरीक्षक काकांशी माझं इथवर जुळतं.

दीक्षाभूमीचं सांगते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून अशोक विजयादशमीला देशभरातून लाखो माणूस येतो. रहाटे कॉलनीपासून काचीपुऱ्यापर्यंत भोजनदानाचे स्टॉल लागतात. पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे पाउच यांचा कचरा तिथेही होतो, खूप होतो, आणि महापालिकेचे सफाई कामगार पाळ्या लावून राबतात. आमच्या वस्तीच्या मंडळाने मात्र एक नियम ठेवला आहे: ज्याने वाढलं, त्यानेच झाडायचं. इंजिनीअर झालेला मुलगा असो की बँकेतली मुलगी, स्टॉलसमोरची जागा साफ करूनच उठायचं. दोन वर्षांपासून स्टीलच्या ताटल्या भाड्याने आणतो आणि मागे ड्रम लावून धुतो. वेळ लागतो, रांग थांबते, लोक कुरकुरतात. तरी चाललं आहे.

माझी अट एवढीच. ज्याचा उत्सव आणि ज्याचा धंदा, त्याचा हात आधी कचऱ्याला लागला पाहिजे. उरलेलं काम मजुरीचं असेल तर ती पूर्ण मजुरी असावी: किमान वेतन, हातमोजे, गमबूट, भविष्य निर्वाह निधी, ओळखपत्र. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि घरोघरच्या कचऱ्यासाठी स्वच्छ सहकारी संस्था २००८ मध्ये आली. म्हणजे १५ वर्षं वेचक बायका आधी एकत्र आल्या, भांडल्या, आणि मग कामाची बोलणी त्यांनी बरोबरीने केली. भंगाराचे पैसेही त्यांचेच. रामटेकात तुम्ही काम आधी देता आहात. संघटना कुठे आहे?

अंबाळा घाट :
मी घाटावर विधी सांगतो. पिंड आणि अस्थी यांना कचरा म्हणू नये आणि खताच्या खड्ड्यात टाकायचा विचारही करू नये, लोक दुखावतील. अस्थी ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणतात ती मात्र पाण्यात सोडू नका असं आम्ही प्रत्येक यजमानाला सांगू शकतो, आणि आमचं ते ऐकतात. दुःखातल्या माणसाला पावतीपुस्तक घेऊन उभा असलेला कर्मचारी सांगेल तर भांडण होईल.

महालकर :
गुरुजी, तुमच्या शेवटच्या वाक्यात माझा सगळा मुद्दा आला. ठेकेदार तलावातून पिशवी काढायचे पैसे घेईल. ती पाण्यात पडूच नये, हे फक्त तुम्ही करू शकता. पिंडाला कोणी हात लावणार नाही. घाटावर पिशवीसाठी एक टोपली आणि कपड्यांसाठी दुसरी, एवढंच हवं.

इंदोरा चौक ताई, तुमची अट मी प्रस्तावात पहिल्या क्रमांकावर घेतो. दुकानासमोरची जागा आणि दुकानातून निघणारा माल वेगळा ठेवणं हे दुकानदाराचं काम, बिनपगारी, कारण नफा त्याचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत फेरीवाल्यांनी स्वतःचा डबा ठेवावा हे आलंच होतं. १०० पेक्षा जास्त माणसं जमवणाऱ्याने ३ कामाचे दिवस आधी कळवावं आणि कचरा वेगळा करून द्यावा हेही त्यात होतं. म्हणजे महाप्रसाद घालणाऱ्या मंडळांनाही सुट्टी नाही. खतावरच्या माणसाला मात्र पगार.

निरीक्षक काका, बिल थकतं हे खरं. पण त्यावर उपाय ठेकेदाराचाच का? तीन महिन्यांची मजुरी आगाऊ वेगळ्या खात्यात ठेवली तर गट टिकेल. यात्रेचे दोन-तीन दिवस ट्रॅक्टर-जेसीबी खुशाल भाड्याने घ्या. वर्षाचे उरलेले दिवस त्या यंत्रासाठी टनाचा दर कशाला भरायचा?

आणि गडपायथा भाऊ, कागदावर प्लास्टिकचा थर दिलेल्या ताटल्या-वाट्यांना राज्यात जुलै २०२२ पासून बंदी आहे. इतवारीतला तुमचा प्रश्न बरोबर आहे. तो नागपूरच्या माणसांनी उचलायचा आहे, आणि मी त्यातलाच एक आहे.

निवृत्त स्वच्छता निरीक्षक :
आगाऊ रक्कम लेखापरीक्षणात अडकते. काम झालं नाही, मोजमाप नोंद नाही, मग पैसे का दिले, असा आक्षेप येतो आणि सही करणारा अधिकारी त्यात सापडतो. म्हणून कोणीच सही करत नाही. देवस्थानाच्या किंवा व्यापाऱ्यांच्या पैशातून खातं उघडलं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा गट त्यांच्या दावणीला बांधला जाईल. यावर उत्तर मिळेपर्यंत माझं मत निविदेच्याच बाजूने आहे.

इंदोरा चौक :
काका, ही अडचण खरी आहे आणि ती सोडवल्याशिवाय एकाही बाईला या कामावर बोलावू नये. मोजमाप नोंदवही आठवड्याची करा, बिल दर आठवड्याला निघू द्या. रोजगार हमीवर मजुरी पंधरा दिवसांत द्यायचा कायदा आहे, मग कचऱ्यात काम करणाऱ्या बाईने तीन महिने का थांबायचं?

गडपायथा :
ताईचं पटलं. आठवड्याचं बिल निघत असेल तर मी माझ्या लायनीतल्या दुकानदारांशी बोलतो. हारवाले तयार होतील, त्यांले दोऱ्याचा भाव समजते. चहावाले कुरकुर करतील. नारळवाल्यांकडे शेंड्या एका जागी जमतातच, फक्त त्या बारीक करायचं यंत्र कोण घेऊन देईल ते ठरवा, कारण ते आमच्या खिशातलं काम नाई.

पण महालकर भाऊ, या दुकानदारांच्या बैठकीले येतांना हात हालवत येऊ नका. इतवारीतले पत्रावळीचे दोन-चार ठोक व्यापारी गाठा, पळसाच्या पानाचा द्रोण यात्रेले कोण्या भावात अन् किती पुरवता येईल ते लिहून आणा. आमच्या भागात पळस हाय, पानं तोडणाऱ्या बायाही हायत. त्यांले रामनवमीच्या आधी सांगावं लागते. ऐन यात्रेत सांगून द्रोण होत नाई.