वारांचा क्रम असाच का?

वारांना ग्रहांची नावं आहेत, पण पृथ्वीपासूनच्या अंतराने ग्रह मांडले तर तो क्रम वारांशी जुळत नाही, मग वार याच क्रमाने का, ही शंका रास्त आहे. मेख तासांत आहे. प्राचीन समजुतीप्रमाणे सर्वात दूरचा शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा एकेक तास एकेकाला वाटायचा; पहिला तास ज्याचा, दिवस त्याचा. शनीपासून मोजा: 22वा तास पुन्हा शनीचा, 23वा गुरूचा, 24वा मंगळाचा, म्हणजे दुसरा दिवस रवीचा. म्हणून लॅटिनमध्ये 'दिएस सातुर्नी'नंतर (शनीचा दिवस) 'दिएस सोलिस' (रवीचा), मग 'दिएस लुनाय' (चंद्राचा). रोमन इतिहासकार दियो कासियसने हे गणित दिलंय. सोबत संगीतातल्या स्वरांतराचीही एक उपपत्ती आहे, पण ती मला ओढूनताणून आणलेली वाटते. इ.स. 79मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातल्या भिंतीवर, म्हणजे त्या सालाआधीच, वारांची यादी खरडलेली सापडली. तीही शनीपासूनच सुरू होते. रविवारची सुट्टी मात्र पुष्कळ नंतरची, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या 321 सालच्या फर्मानातली. त्यातूनही शेतकऱ्यांना वगळलं होतं!