सहाही आकडे नऊच्या पाढ्यातले आणि विजेते ४३३! हे पचतं का?

शंकेखोर:
फिलिपिन्सच्या ६/५५ लोट्टोत (१ ते ५५मधले सहा आकडे निवडायची लॉटरी) १ ऑक्टोबर २०२२ला ९, १८, २७, ३६, ४५, ५४ हे आकडे निघाले. सुमारे २३ कोटी ६० लाख पेसोंचं बक्षीस ४३३ जणांत वाटलं गेलं. नेमका हाच संच लागण्याची शक्यता २,८९,८९,६७५त एक. यात काळंबेरं नाही, हे कुठल्या गणिताने म्हणायचं?

आकडेमोड:
दोन प्रश्नांची खिचडी झाली आहे. आधी विजेत्यांचं बघू. सोडतीच्या यंत्राला ४३३शी काही देणंघेणं नाही, तो आकडा तिकिटं भरणाऱ्यांनी ठरवला. सगळ्यांनी डोळे मिटून आकडे भरले असते तर एकाच संचावर ४३३ तिकिटं पडायला साधारण १,२५५ कोटी तिकिटं खपावी लागली असती. तेवढी खपत नाहीत, म्हणजे लोक डोळे मिटून भरत नाहीत. कागदावर दहा-दहाच्या रांगांत १ ते ५५ लिहा आणि नऊच्या पटींना गोल करा. उजवीकडून डावीकडे उतरणारी सरळ तिरपी रेघ मिळेल. अशा रेघा भरणारे खूप असतात. आणि सोडतीत लबाडी करणारा आणखी ४३२ वाटेकरी कशाला ओढवून घेईल? प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५ लाख ४५ हजार पेसो आले.

शंकेखोर:
वाटेकऱ्यांचं पटलं. पण पाढाच का निघावा?

आकडेमोड:
पाढा निघाल्यावर पाढा दिसला. २०, २१, २२, २३, २४, २५ निघाले असते तरी हाच धागा निघाला असता. म्हणून समान अंतराचे सगळेच संच मोजा. अंतर १ असेल तर ५०, २ असेल तर ४५, असं उतरत अंतर १०ला ५. बेरीज २७५. म्हणजे शक्यता १ लाख ५ हजारांत एक. आठवड्याला तीन सोडती धरल्या तर एकट्या या लॉटरीत पावणेसातशे वर्षांतून एकदा. अशा ५० लॉटऱ्या चालू असतील तर तेरा-चौदा वर्षांतून एकदा कुठेतरी बोंब होणारच. दक्षिण आफ्रिकेत १ डिसेंबर २०२०ला ५, ६, ७, ८, ९ आणि पॉवरबॉल, म्हणजे वेगळा काढला जाणारा सहावा चेंडू, १० निघालाच होता. तिथे विजेते २०.

तिरपी रेघ:
बल्गेरियाचं काय? सप्टेंबर २००९मध्ये ४, १५, २३, २४, ३५, ४२ लागोपाठच्या दोन सोडतींत आले.

आकडेमोड:
लागोपाठ म्हणाल तर ६/४२मध्ये ५२ लाखांत एक, हे खरंच दुर्मीळ. पण कुठल्याही दोन सोडती जुळायच्या असतील तर सुमारे २,७०० सोडतींतच शक्यता निम्म्यावर जाते. एका वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो ना, तेच गणित. दुसऱ्या वेळी १८ जणांचे सहाही आकडे जुळले. मागच्याच सोडतीचे आकडे पुन्हा भरणारे सगळीकडे असतात.

गोटीवाला:
मग लबाडी शोधायची कुठे? सोडतीआधीच्या विक्रीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २४ एप्रिल १९८०ला तीन आकडी सोडतीत ६६६ लागला. हवेने उडणाऱ्या चेंडूंपैकी ४ आणि ६ सोडून बाकीच्यांत सुईने रंग भरला होता. जड चेंडू तळाशी राहिले, नळीत चढले ते हलके. ४ आणि ६चे तीन आकडी संच होतात फक्त आठ, आणि टोळीने नेमक्या त्या आठांवर तिकिटं घेतली होती. चेंडूंचं वजन नंतरही करता येतं, पण पैसा एकाच ठिकाणाहून आठच आकड्यांवर पडला की आधी तिथे बोट ठेवायचं.