निगमन : शेवटचं वाक्य की अख्खी वाट?

प्रश्न : ॲरिस्टॉटलवर मराठीत लिहिते आहे. 'डिडक्शन'ला (दिलेल्या विधानांवरून अपरिहार्य निष्कर्ष काढणं) पाठ्यपुस्तकातला 'निगमन' हा शब्द घेतला, तर संस्कृत शिकलेली माझी आई म्हणाली, "निगमन म्हणजे शेवटचं वाक्य. सगळ्या युक्तिवादाला तू निगमन कसं म्हणतेस?" बरोबर कोण?

उत्तर : दोघीही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, अनुमान मांडायची पाच वाक्यं असतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. इथेही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. यातलं पाचवं तेवढं निगमन. आधुनिक मराठीने तोच शब्द पूर्ण प्रक्रियेला लावला आणि 'विगमन' (उदाहरणांवरून नियमाकडे जाणं) हा त्याचा जोडीदार केला. हिंदीत त्या जोडीदाराला 'आगमन' म्हणतात. हिंदी पुस्तक समोर असेल तर जपा.

ॲरिस्टॉटलचा (इ.स.पू. ३८४–३२२) शब्द आहे 'सिलॉगिस्मॉस'. त्याच्या मुळाशी एकत्र हिशेब करण्याची कल्पना आहे. त्याची व्याख्या अशी : काही गोष्टी मांडल्या की त्या तशा आहेत एवढ्यावरूनच त्यांच्याहून वेगळी गोष्ट अपरिहार्यपणे निघते, असं बोलणं. जोर 'अपरिहार्यपणे'वर आहे. म्हणून 'तर्क' किंवा 'अनुमान' मला इथे चालत नाहीत. "माझा आपला एक तर्क" म्हणताना आपण अंदाजच सांगत असतो. प्रक्रियेला निगमन, शेवटच्या वाक्याला निष्कर्ष लिहा. आईंचा आक्षेप पहिल्याच परिच्छेदात नोंदवा.

प्रश्न : पण निष्कर्ष आधारविधानांतच दडलेला असेल, तर हाती नवं काय येतं? मग उपयोग काय?

उत्तर : सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक संशयवाद्याने अशीच शंका काढली होती. सगळी माणसं प्राणी आहेत हे ठरवताना सॉक्रेटिसही पाहिलेला असणार. मग 'सॉक्रेटिस प्राणी आहे' यात सिद्ध काय केलं? असल्या सोप्या उदाहरणांत आक्षेप खरा वाटतो.

आता चौरसाचा कर्ण घ्या. कर्ण आणि बाजू यांचं गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येतं का? कितीही बारीक पट्टीने मोजा, निकाल लागणार नाही. मोजमाप नेहमी 'जवळपास'पाशीच थांबतं. येतं असं धरून चाला, गुणोत्तर अगदी संक्षिप्त रूपात लिहा, आणि टप्प्याटप्प्याने एकच संख्या समही निघते, विषमही. हे अशक्य. म्हणजे मांडता येत नाही. ॲरिस्टॉटल स्वतः हा दाखला देतो. दडलेलं होतं खरं, पण डोळ्यांनी कुणाला कधीच दिसलं नसतं. मला तर निगमनाची सगळी थोरवी या एका सिद्धतेत दिसते.

दुसरा उपयोग 'का' सांगण्याचा. ग्रह लुकलुकत नाहीत, म्हणून ते जवळ आहेत, असंही म्हणता येईल. पण ॲरिस्टॉटलच्या मते कारण उलट दिशेने जातं : ते जवळ आहेत म्हणून लुकलुकत नाहीत. पहिल्यात नुसतं 'आहे' कळतं, दुसऱ्यात 'का' कळतं. या फरकाला आपल्याकडे चांगले शब्द आहेत : ज्ञापक (कळवणारा) हेतू आणि कारक (घडवणारा) हेतू. धूर ज्ञापक, तो अग्नी घडवत नाही. लेखात हे दोन शब्द जरूर वापरा, आणि ते आईंना आधी दाखवा.