घडीचा चाकू घ्यायचाय, रोज खिशात ठेवायला. कोणता घेऊ?

सेकंडशिफ्ट
मंडळी, राम राम. कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) असतो. शिफ्ट सुटून फुलेवाडीला घरी पोचेस्तोवर रात्रीचा एक वाजतो. गेल्या महिन्यात रंकाळ्याच्या मागच्या अंगाला दोघांनी गाडी आडवी घातली, पाचशे रुपये दिले तेव्हा सोडलं. तेव्हापासून वाटतंय, खिशात एक चाकू असावा. एरवीही कामाला येईल. बॉक्स फोडायला, पेरू कापायला, पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड करतो तेव्हा दोरी-ताडपत्रीला. बजेट दोन हजार. ऑनलाइन एक खटक्याचा दिसतोय, बटण दाबलं की पातं बाहेर. कसा आहे?

लोखंडी_चणे
खटक्याचा आधी डोक्यातनं काढ भावा. खिशात उघडला तर मांडीची वाट. आन् पोलिसानं खिसा तपासला तर पेरूसाठी ठेवलाय म्हणून कोण ऐकणार हाय?

उद्यमनगरकर
कामाचा चाकू हवा असेल तर आधी लॉक बघ. साध्या स्विस चाकूला लॉक नसतं, पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं. पेरूला ठीक, पण जोर लावताना टोक अडकलं तर मिटून बोटांवर येतं. लायनर लॉकवाल्यात मुठीतली पट्टी पात्याच्या बुडामागं येऊन बसते. दुकानात उघडून पाठीवर दाबून बघ, बोटं मध्ये न ठेवता. पातं डावी-उजवीकडं हललं तर ठेवून दे.

स्टीलच्या नावाला फार भुलू नको. डी२ म्हणून जे मिरवतात ते आपलं एचसीएचसी, म्हणजे जास्त कार्बन-जास्त क्रोमियमचं स्टील, ज्याच्या डाय (साचे) तुम्ही रोज बघता. धार दांडगी टिकते. पण १२ टक्के क्रोमियम असूनही ते पूर्ण स्टेनलेस नव्हे, कारण बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडून कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं. पन्हाळ्याच्या पावसात ठिपके पडणार. आणि हार्डनिंग-टेंपरिंग (तापवून कडकपणा आणणं) बिघडलं असेल तर कुठलंही स्टील पत्रा. हे तुला मी काय सांगायचं!

गगनबावडा_एक्सप्रेस
माझ्याकडं ओपिनेल ८ नंबर आहे, फ्रेंच घडीचा चाकू. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, गळ्याशी फिरवायची कडी, तेच लॉक. ही कडी १९५५ पासूनची. कांदा तर असला कापतो की घरची सुरी लाजावी. पण जुलैत बावड्याला नेला आणि लाकूड फुगून पातं बाहेरच येईना. शेवटी ताडपत्रीची दोरी दातानं सोडवली. तू पावसात फिरणार, तर प्लॅस्टिकची मूठ आणि स्टेनलेस पातं घे.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडं. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो; घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुझा छोटा चाकू त्यात येत नाही, पण म्हणून मोकळं रान नाही. निवडणूक, सणवार, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. पेपरात कोपऱ्यात छापून येतो, कोणी वाचत नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क कामाला येत नाही. पाचशे रुपये मागणाऱ्याच्या पोटात चाकू गेला, तर पुढची काही वर्षं तू तारखांना येशील आणि माझी फी भरशील.

रातपाळीची_ताई
दहा वर्षं दवाखान्यात रात्रपाळी केली. चाकूच्या जखमा शिवताना एक बघितलंय, ज्यानं चाकू काढला तोच पुष्कळदा टाक्यांना येतो. झटापटीत चाकू कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पाचशे दिलेस, घरी आलास, शहाणपण केलंस. मी जोराचा टॉर्च आणि शिट्टी बाळगते, ११२ एका बोटावर. आणि मागच्या अंगानं कशाला जातोस रे? पाच मिनिटं जास्त लागू देत, मोठ्या रस्त्यानं जा.

सेकंडशिफ्ट
ताई, पेट्रोल वाचवायला जात होतो. आजपासून बंद. दोघंतिघं त्याच बाजूचे आहेत, एकत्र सुटतो. चाकू घेणार, पण पेरूचाच. स्टेनलेस, लायनर लॉक, तीन इंच. तो सॅकमध्ये राहील, खिशात टॉर्च.

उद्यमनगरकर
हे बेस. कापून झालं की पुसून कोरडा कर, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पाजवताना दोन्ही बाजूंना साधारण २० अंश धर. ग्राइंडरवर अजिबात नको, टेंपर उतरतो.

सेकंडशिफ्ट
टूलरूममधला ऑइल स्टोन चालेल का?

लोखंडी_चणे
चालतोय की. सुपरवायझर सुट्टीवर असताना.