समुद्र जखमा भरतो म्हणे, पण घराची किल्ली कोण देतो?

खाडीवाली
दोन दिवसांपूर्वी या चर्चेच्या पानावर एका गृहस्थांनी लिहिले की, शहरात मन मोडलेल्या माणसाने सरळ कोकणातले एखादे लहान गाव गाठावे, कारण तेथे समुद्र जखमा भरतो, माणसे चार दिवसांत आपलेसे करतात आणि पुन्हा जीव लावणारे कोणीतरी भेटतेच. ते वाचल्यापासून माझे डोके फिरले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी हर्णै बंदराजवळच्या एका गावात राहते. २०१५ मध्ये यजमान गेले, डोंबिवलीचे भाडे झेपेना, म्हणून मुलीला घेऊन सासरच्या बंद घरात आले. कौले घसरलेली, वाशांना वाळवी लागलेली, अशा घरात मी चूल पेटवली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने अर्धे छप्पर नेले, तेव्हा पत्रे मी घातले आणि पुढे पडवीत खानावळ सुरू केली. बंदरावर बर्फाचा टेम्पो घेऊन येणारे एक घटस्फोटित गृहस्थ तेथे दुपारी जेवायला येत. दोन वर्षे ते ‘सोलकढी आहे का?’ याव्यतिरिक्त काही बोलले नाहीत. मग एके दिवशी ऐन गर्दीत सिलिंडर संपला आणि त्यांनी न विचारता दुसरा आणून जोडून दिला. एवढेच काय ते आमचे प्रेमप्रकरण. समुद्राचा त्यात काही हात नव्हता.

आम्ही लग्न करायचे ठरवले, तेव्हा गाव काहीही बोलले नाही, हे कबूल करते. बोलले ते मुंबईचे दीर: लग्न खुशाल करा, पण किल्ली ठेवून जा, दुसऱ्याचे नाव लावणाऱ्या बाईच्या हातचा नैवेद्य आमच्या गणपतीला चालणार नाही. तेव्हा गावात प्रेम सापडते की नाही, हा प्रश्न नाहीच. सापडल्यावर ते कुठल्या छपराखाली ठेवायचे, हा आहे. ज्यांच्यामागे भाऊबंदकी नाही आणि जे पैशाच्या जोरावर येथे येतात, त्यांनी आम्हाला समुद्राचे गुण सांगू नयेत.

घाट उतरून
ते गृहस्थ मीच. ताई, आपला राग समजतो, पण मी पैशाच्या जोरावर आलो, हा समज चुकीचा आहे. शेतकरी असल्याचा दाखला नसल्यामुळे मला येथे शेतजमीन घेताच आली नाही. गुहागर तालुक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आजही राहतो. घटस्फोटानंतर पुण्याच्या सोसायटीत ज्यांनी नमस्कार बंद केला, त्यांच्या तुलनेत येथील शेजारच्या काकूंनी पहिल्याच पावसाळ्यात सांदणे आणून दिली आणि पुढच्या वर्षी, काहीही संबंध नसताना, माझ्यासाठी स्थळही सुचवले. तेच जमले. समुद्राचे वाक्य अलंकारिक झाले, ते मागे घेतो. बाकीचे मागे घेणार नाही.

लालबागचा चाकरमानी
दिरांना खलनायक करून सगळ्यांनी टाळ्या वाजवण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐकावी. आमच्या काकीने पुनर्विवाह केला, आम्ही कोणीही आडवे गेलो नाही, आणि वर्षभरात तिच्या नव्या यजमानांनी आमच्या आजोबांनी बांधलेल्या घरावर ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी लावली. शिमग्याला गेलो, तर माजघरात पाहुणे झोपलेले आणि आम्ही ओटीवर! प्रेम करा, संसार थाटा, परंतु सामाईक घर हे कोणाच्याही नव्या आयुष्याचे भांडवल नव्हे. घरपट्टी आम्ही मुंबईहून भरतो, हेही लक्षात असू द्यावे.

खाडीवाली
आपल्या घरची भरत असाल. आमच्या घराच्या २०१५ पासूनच्या सगळ्या पावत्या माझ्या ट्रंकेत आहेत. वर्षातून दोनदा येऊन ‘आमचे घर’ म्हणणाऱ्यांनी वाळवीचे औषध काय भावाने मिळते, तेवढे सांगावे.

निवृत्त तलाठी
बत्तीस वर्षे हेच भांडण पाहिले, म्हणून राहवत नाही. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जातो, ही समजूत १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याची आहे. लग्नाला मुभा देणाऱ्या त्याच कायद्याने हक्क काढून घेतला होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर ती स्थिती राहिली नाही. यजमानांचा हिस्सा ज्या दिवशी ते गेले, त्याच दिवशी पत्नी, मुले आणि आई हयात असल्यास ती, यांच्याकडे येतो. नंतर केलेल्या लग्नाने तो परत जात नाही. मात्र ताई, हक्क हिश्श्याचा आहे, संपूर्ण घराचा नाही, आणि घरपट्टीच्या पावत्या किंवा असेसमेंटचा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घरपट्टी आकारणीचा, उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर मृताच्या जागी वारसांची नावे लावण्याची नोंद, झाला आहे का, ते आधी पाहा.

लालबागचा चाकरमानी
आले कायदेपंडित! आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत, त्यांतली नऊ माणसे हयात नाहीत. असल्या कागदावर फेरफार करून दाखवा आणि मग १९५६ सांगा. तुमच्याच खात्याने एका सहीसाठी माझ्या वडिलांना तीन गणपती हेलपाटे घालायला लावले होते.

निवृत्त तलाठी
नऊ मृतांच्या वारसांनी अर्ज केले नाहीत, हा दोष माझ्या लेखणीचा नाही. हेलपाट्यांबद्दल मात्र वाद घालत नाही.

माहेर मुरुड
सातबाऱ्यावरून जरा माणसांकडे येऊ. गाव काही बोलत नाही, या वाक्यावर फार विसंबू नका. माझे माहेर दापोलीचे मुरुड. महर्षी कर्वे याच मुरुडचे; १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. आज त्यांचे नाव आम्ही अभिमानाने सांगतो आणि माझ्या विधवा बहिणीला हळदीकुंकवाला बोलावताना मात्र ‘तुला चालेल ना?’ असे विचारतो. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. आमच्या आळीत त्या विषयावर चर्चा झाली. ठराव करण्यासाठी कोणाचा हात वर गेला नाही.

आणि स्थळ सुचवणाऱ्या काकू पुरुषालाच भेटतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला गेले म्हणून हा आकडा फुगला आहे. त्यामुळे येथे उरलेल्या घटस्फोटित पुरुषाला स्थळे येतात, आणि तशाच बाईला सल्ले.

घाट उतरून
हे मला सुचले नव्हते. माझ्या पत्नीला विचारले; तिला आठ वर्षांत एकही स्थळ कोणी सुचवले नव्हते, आणि काकू तिच्याही ओळखीच्याच होत्या. मग स्थळ आणले ते माझ्यासाठी म्हणून. आता काकूंना काय म्हणावे, ते कळत नाही.

लालबागचा चाकरमानी
नैवेद्याबद्दलचा हट्ट चुकीचा आहे, हे मान्य करतो. आमच्या घरचा नैवेद्य गेली चार वर्षे पोळी-भाजी केंद्रातून येतो, तेव्हा सोवळ्याची भाषा मी न केलेलीच बरी. घराचा मुद्दा सोडलेला नाही. उद्या त्या गृहस्थांनी बर्फाचा टेम्पो अंगणात लावला, तर गणपतीला आलेल्या गाड्या कुठे लावायच्या?

खाडीवाली
पाणंदीत, जिथे आम्ही बाकीचे अकरा महिने लावतो. तलाठीकाका, आज सातबारा काढला. यजमानांचे नाव अजून तसेच आहे, माझे आणि मुलीचे कोठेच नाही. नऊ वर्षे मी पावत्याच जपत बसले. सोमवारी वारस नोंदीचा अर्ज देत आहे. लग्न दिवाळीनंतर. यंदाच्या गणपतीत किल्ली माझ्याकडेच राहील. दिरांनी गाडीची वेळ आधी कळवावी, म्हणजे जेवणाचा अंदाज येईल.