'बायकोसाठी', 'बायकोखातर' की 'बायकोपायी'?

ओसरी:
आठवीच्या मुलांसाठी दशरथ मांझींवरचा एक हिंदी पाठ मराठीत आणतेय. बिहारमधल्या गया जिल्ह्यातलं गेहलौर. डोंगरातल्या वाटेवर पडून बायको फाल्गुनीदेवी जायबंदी झाली, दवाखाना डोंगराला मोठा वळसा घालून पलीकडे, आणि ती गेली. मग १९६० ते १९८२, तब्बल २२ वर्षं, या माणसाने छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडून रस्ता काढला. हिंदीत आहे 'पत्नी की ख़ातिर'. मी लिहिलं, 'बायकोपायी डोंगर फोडला.' तपासणाऱ्या बाईंनी खाली रेघ मारली: "पायी म्हणजे नुकसान. दारूपायी घर जातं." आमच्या जुन्नरकडे 'पायी' मायेनेही म्हणतात. 'बायकोसाठी' लिहावं तर ती हयातच नाही, तिला त्या रस्त्याचा काय उपयोग? काय लिहू?

जुनंबाड:
बाईंचं अर्धं बरोबर आहे. हट्टापायी, जमिनीपायी, एका शब्दापायी, सगळीकडे काहीतरी गमावल्याचा सूर आहे. पण गमावणं वेगळं आणि किंमत मोजणं वेगळं. 'पायी' म्हटलं की कुणीतरी किंमत मोजलेली असते, ती वाया गेली की सार्थकी लागली हे तो शब्द सांगत नाही. २२ वर्षं ही किंमतच आहे. माझं मत 'पायी'ला.

घाटमाथा:
सरळ 'प्रेमापोटी' लिहा ना. प्रश्नच मिटला.

जुनंबाड:
'पोटी' भावनेला लागतं, माणसाला नाही. भीतीपोटी, द्वेषापोटी, मायेपोटी. 'फाल्गुनीच्या पोटी' म्हटलंत तर मूल जन्माला येईल. म्हणजे या वाक्यातून बायकोच निघून जाते आणि नुसतं 'प्रेम' उरतं. तो माणूस प्रेम नावाच्या कल्पनेसाठी घाव घालत नव्हता.

शुद्धमती:
'खातर' तर अजिबात नको. शब्द अरबी. आपल्याकडे 'प्रीत्यर्थ' असताना उसनवारी कशाला? पूजेच्या संकल्पात 'परमेश्वरप्रीत्यर्थं' रोज म्हणतो आपण. ज्याच्यासाठी कर्म करायचं त्याची प्रीती हाच हेतू, इतका नेमका अर्थ दुसऱ्या कुठल्या शब्दात आहे? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगीच नाही.

रानवारा:
प्रीत्यर्थ सुंदर आहे, पण तो शब्द धर्मशाळेच्या पाटीवर राहतो, आठवीच्या पोराच्या तोंडात नाही. आणि 'खातर'चं कूळ काढताच आहात तर पूर्ण काढा. अरबीत 'खातिर' म्हणजे मन, अंतःकरण. 'खातरजमा' त्यातूनच, आपली 'खात्री'ही त्याच घरातली. परका म्हणून 'खातर' हाकलणार असाल तर उद्यापासून 'खात्री'ही म्हणू नका. 'तिच्याखातर' म्हणजे मुळात 'तिच्या मनासाठी'. माणूस गेल्यावरही त्याचं मन राखता येतं. ओसरीताईंची अडचण इथे सुटते.

शुद्धमती:
मुळातला अर्थ आज कुणाला जाणवतो? तुम्हाला व्युत्पत्ती माहीत आहे म्हणून तुम्हाला ऐकू येतो.

माडावळ:
गोव्यातून. आमच्या कोंकणीत 'तुजे खातीर' हे 'तुझ्यासाठी' इतकंच साधं आहे. बाजारातून काही आणायचं असलं तरी खातीर, जीव द्यायचा असला तरी खातीर. त्यामुळे मराठीत 'खातर' एवढा जड का वाटतो हे मला नेहमी कोडं पडतं.

सोलापुरी:
'पायी'वरून लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी आई विड्या वळायची. तेंदूची पानं रात्री भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कातरायची, मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि दोरा गुंडाळून बोटाने तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर. वळता वळता म्हणायची, "तुमच्यापायी बसले गं." लहानपणी मला ते दूषण वाटायचं, वाटायचं आम्ही झालो नसतो तर ती सुटली असती. पण धाकटी परीक्षेला बसली त्या वर्षी ताप असतानाही सूप खाली ठेवायला तयार नव्हती, आणि मी ओरडल्यावर तेच वाक्य म्हणाली, हसून. 'पायी'त तक्रार होती आणि तेच तिचं बळही होतं. कामाला अर्थ आम्ही होतो, विडीत काय अर्थ? बाईंना सांगा, हा शब्द खोडू नका.

घाटमाथा:
सोलापुरीताई, हे वाचून थांबलो. तरी शंका आहे. हा अर्थ आवाजातून येतो, आणि छापलेल्या वाक्याला आवाज नसतो. मूल 'बायकोपायी' वाचेल आणि बायकोचा दोष समजेल.

ओसरी:
हीच भीती बाईंनाही आहे. पाठात पुढे असं आहे की त्या रस्त्यामुळे अत्री आणि वजीरगंज यांच्यातलं अंतर ५५ किलोमीटरवरून १५ वर आलं. म्हणजे तिला न मिळालेला रस्ता इतरांना मिळाला. मग 'साठी' कुणाला लावायचं?

रानवारा:
दोघांनाही. दुसऱ्या कुणाची बायको तशी जाऊ नये म्हणून फोडला, तर तो तिच्यासाठीच फोडला. 'साठी'ला समोरचा हयात लागतो हा नियम कुठल्या व्याकरणात आहे? श्राद्धाचं पान आपण 'वडिलांसाठी' वाढतो.

जुनंबाड:
पान वडिलांना पोचतं या श्रद्धेने वाढतो. रस्ता पोचत नाही.

शुद्धमती:
प्रीत्यर्थात हा वादच उरत नाही.

माहेरवाट:
सगळे 'साठी'-'पायी'त अडकलात. आपल्याकडे हिरकणीची गोष्ट सांगताना कुणी 'बाळासाठी कडा उतरली' म्हणतं का? 'बाळाच्या ओढीनं' म्हणतात. ओढ बाहेरून खेचते, माणूस नुसता जातो. मांझींनाही ओढच होती.

घाटमाथा:
मेलेल्या माणसाची ओढ? ओढ भेटीची असते. हिरकणीचं बाळ घरी वाट पाहत होतं.

माहेरवाट:
म्हणजे आषाढीला चालणाऱ्यांची ओढ खोटी?

सोलापुरी:
खोटी कशी असेल? पण ती वेगळी ओढ, तिथे पांडुरंग उभा आहे असं मानूनच माणूस चालतो. घाटमाथा, तुम्ही कुठले? आमच्याकडे 'लेकराकरता' जास्त चालतं. तुमच्याकडे 'करता' आहे का, की तेही जुनं झालं?